दहा पंप

झिपरू नानांनी पोत्यातून छर्ऱ्याची बंदूक काढली, नूतनच्या टेबलावर ठेवली आणि हात लगेच मागे घेतले.

"ताई, सोमवारपावत चालू करी द्या."

"सोमवारी काय आहे?"

"जमादार येनार शे. बंदूक ली जाई. चालनी नही ते म्हनतीन, म्हातारानी मुद्दाम मोडी."

नूतनने पुढे विचारलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी नानांची नऊ वर्षांची नात पूनम अंगणात खेळत होती आणि तिच्या उजव्या डोळ्यात छर्रा घुसला. बंदूक पुसताना आपल्याच हातून चाप ओढला गेला, असं नानांनी स्वतः सांगितलं. तेव्हापासून सून त्यांच्याशी बोलत नव्हती. जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवून निघून जायची. नरडाण्याच्या कारखान्यात कामाला जाणारा मुलगा भटू त्यांना म्हणाला होता, पोलिसांचं एकदा आटोपलं की तुम्ही शेतातच राहा, पोरीसमोर येऊ नका.

"सून काही बोलली का?"

"काय बोली ती! काल ताटमा मीठ वाढं, तितलंच."

नूतन शिंदखेड्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. गावातले फवारणीचे पंप, स्टोव्ह आणि पाखरं उडवायच्या असल्या स्वस्तातल्या बंदुका शनिवार-रविवारी तिच्या पडवीत येत. नानांचं घर मागच्याच गल्लीत. तरी पोतं खांद्यावर घेऊन ते लांबच्या रस्त्याने आले होते.

तिचा नवरा हितेंद्र गावच्या शाळेत शिक्षक होता. त्याने चहाचे दोन कप आणून ठेवले.

"साखर कमी पडली असेल, नाना," एवढं म्हणून तो आत गेला.

त्या दिवशी गाडी काढून पूनमला तासाभरात धुळ्याच्या दवाखान्यात पोचवणारा तोच. नंतरच्या प्रत्येक तपासणीलाही त्यानेच नेलं. रजा संपल्या तेव्हा बिनपगारी घेतल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा हा स्वभाव नूतनला आत्ता कळत होता.

तिने बंदूक उचलली. नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि ती भिंतीकडे वळवून पंपाचा दांडा ओढला. एक, दोन, तीन. दर वेळी दांडा जड व्हायला हवा. तो झाला नाही. दहा पंप मारून तिने कान लावला. फुसफुससुद्धा ऐकू आली नाही.

मग तिने छर्रा भरला, पुन्हा दहा पंप मारले आणि दहा पावलांवर टांगलेल्या वहीच्या कागदावर नेम धरून चाप ओढला. टक्‌ असा आवाज झाला. कागद हलला नाही. सळई घालून पाहिलं तर छर्रा नळीतच होता.

नाना चहाकडे पाहत बसले होते.

तिने दांड्याची पिन ठोकून काढली आणि दट्ट्या बाहेर ओढला. त्याच्या टोकाचा चामडी वायसर आक्रसून लाकडासारखा कडक झाला होता. एका बाजूने उभी चीर होती. तिने भिंग घेतलं. चिरेच्या तळाशी तेल आणि धूळ एकत्र वाळून काळा थर बसला होता. नखाने खरवडला तरी निघेना. आतली रबरी रिंगही भुगा होऊन हातात आली.

तिने पुन्हा एकदा भिंग लावलं. चुकीचं काही सांगितलं जाऊ नये, अशी तिची रीत होती.

"नाना, ही चीर तीन आठवड्यांची नाही. दोन वर्षं तरी झाली असतील. या बंदुकीत तेव्हापासून हवा टिकतच नाही. डॉक्टरांनी छर्रा डोळ्याच्या मागून काढलाय. हिच्यातून तो नळीच्या बाहेरही येत नाही."

नानांनी कप उचलला.

"तुमच्या हातून झालेलं नाही, नाना. ऐकताय ना? मी तसं लिहून देते. सुनेला मी स्वतः येऊन सांगते."

त्यांचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. नानांनी कप खाली ठेवला.

"लिहू नका, ताई. नवा वायसर टाका."

"तुम्हाला माहीत होतं? हिच्यात हवा नाही हे?"

"माले माहीत नही ते कोनाले?" नाना किंचित हसले. "दोन वरीस हिले खांदावर टाकीसन राखन करी. पाखरंसले कुठे माहीत शे, आतमा हवा नही ते!"

"मग आपल्या हातून झालं असं का सांगितलं?"

"मन्हाच हातून व्हयनं."

"नाही झालं. मी हे दुरुस्त केलं तर तो खोटा पुरावा होईल, नाना. माझ्याकडून ते व्हायचं नाही." तिने आवाज खाली आणला. "घरातून उठवतायत तुम्हाला. पोरीसमोर येऊ देत नाहीत. हे सगळं सोसून तुम्ही कोणाला वाचवताय?"

"पूनमले," नाना म्हणाले. "आखो एक आपरेशन बाकी शे. तिले धुळाले ली जानारं कोनी पाहिजे."

"हितेंद्र नेतोय ना! तुम्ही सुटलात म्हणून तो थोडाच थांबणार आहे?"

नानांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. ते पुढे झुकले.

"तुम्ही कॉलेजमा व्हतात त्या रोज, ताई. सर तुमना गच्चीवरून पयत खाले उनात, तुमना पडवीमधली बंदूक हातमाच. 'नूतनला सांगू नका, नाना,' इतलंच म्हननात."