गादीची खुर्ची

टेलरबाई पुन्हा रडायला लागल्या आणि सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या त्यांच्याकडे सरकवल्या. हेडबाईंनी रुमाल दिला, ड्रायव्हरकाकांनी पाणी दिलं. कोपऱ्यातल्या गादीच्या खुर्चीत बसलेल्या तिने मात्र नुसतं तोंड वाकडं केलं.

"सुया ओवून ठेवल्यात हो त्यांनी," टेलरबाई म्हणाल्या. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. डबाभर. मला आताशा दोरा ओवताना दिसत नाही ना! त्या वापरायलासुद्धा मन धजत नाही."

खोलीत चुकचुक झाली. ती मात्र मनातल्या मनात जळली. सुया ओवून ठेवणारा नवरा! माणूस मेला, पण शेवटच्या घटकेपर्यंत हिचाच होता. आणि वर ही बाई रडते!

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी ही मंडळी जमायची. घरचं माणूस गमावलेली, एरवी एकमेकांना न ओळखणारी. शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाईंनी हे सुरू केलं होतं आणि नियमही त्यांचेच. सगळ्यात नव्या माणसाला गादीची खुर्ची आणि पहिला चहा. त्याला खोदून काही विचारायचं नाही. पुढचा नवा माणूस आला की मात्र खुर्ची सोडायची, त्याला आपल्या हाताने चहा द्यायचा आणि आपलं माणूस कसं गेलं ते त्याला सांगायचं. म्हणजे त्याचीही भीड चेपते.

पहिल्या दिवशी हेडबाईंनी "कोण?" एवढंच विचारलं होतं. "नवरा," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. पुढचं राहूनच गेलं. तेव्हापासून नवीन कोणी आलं नव्हतं, त्यामुळे सांगायची पाळीही आली नव्हती.

दिवसभर बुटांच्या दुकानात गुडघे टेकून लोकांच्या पायात बूट चढवायचे आणि संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढायचं, असं तिचं चाललं होतं. तिला भेटायला कोणी आलं नव्हतं. शेजारणी जिन्यात नजर चुकवायच्या. सख्ख्या बहिणीने तर "तुझंच कुठेतरी चुकलं असणार" असं तोंडावर सुनावलं होतं. आणि इथे ही परकी माणसं! ड्रायव्हरकाका येऊन गळका नळ बदलून गेले, चहालासुद्धा थांबले नाहीत. हेडबाई शब्दकोड्यातला एखादा शब्द अडल्याचं निमित्त करून रोज सकाळी फोन करायच्या. टेलरबाईंनी तिचे ढगळ झालेले कपडे मागून नेले आणि मापात बसवून आणून दिले. ते घालताना तिला बरं वाटायचं आणि बाईंचा रागही यायचा. सगळं चांगलं यांच्याच वाट्याला आलं, आता स्वभावही चांगला असायची काय गरज होती?

ही खोली नसती तर आपल्याला वेड लागलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच खुर्ची सुटू नये असं तिला मनापासून वाटायचं.

"एकदा फोटो आणा ना तुमच्या मिस्टरांचा," रडू आवरून टेलरबाई तिला म्हणाल्या.

"घरात एकही नाही."

"अगं बाई! एकसुद्धा नाही?"

"त्यांना आवडायचं नाही," ती तुटकपणे म्हणाली.

हेडबाईंनी घड्याळ बघितलं. "आज एक नवीन गृहस्थ येतायत. बायको गेली, महिनाही झाला नाही. ताई, आज तुमची पाळी हं."

ती गादीत आणखी मागे सरकली. "मला नाही सांगता येणार."

"सगळ्यांना असंच वाटतं. दोन वाक्यं बोला, पुरे."

"मी तर नुसतं 'आई' म्हणालो आणि नाक शिंकरत बसलो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "यांना वाटलं, सर्दी झालीय."

ती उठली. टेलरबाईंनी लगेच गादी झटकून सारखी केली, जसं काही तिथे कोणी बसलंच नव्हतं. ती जळफळत चहाच्या टेबलाशी गेली. आता या नव्या पाहुण्याची सरबराई! नळ त्याचा दुरुस्त होणार, सकाळचा फोन त्याला जाणार.

जिन्यात पावलं वाजली. हेडबाई त्याला हाताला धरूनच आत घेऊन आल्या. दुकानातल्या सवयीने तिची नजर आधी बुटांवर गेली. टाचा बाहेरच्या अंगाने झिजलेल्या होत्या. तिने नजर वर केलीच नाही. पाठ फिरवून ती चहा ओतत राहिली. कप भरून बशीत सांडला तरी ओतत राहिली.

"बसा इथे," टेलरबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "कोण, तेवढंच सांगा."

"बायको." आवाज पार बसला होता. "दोनच वर्षं झाली होती आमच्या लग्नाला. उभ्या जन्मात असं सुख बघितलं नव्हतं हो मी." आणि तो पांढऱ्या केसांचा माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

सगळ्यांच्या खुर्च्या त्याच्याकडे सरकल्या. टेलरबाईंचेही डोळे वाहू लागले, काका पाणी आणायला धावले. इतक्या शनिवारांत तिच्यासाठी कोणी एवढं कळवळलं नव्हतं. मत्सराने तिचे कान तापले. तिने बशी पुसली, कप उचलला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

त्याने कप घेतला आणि मान वर केली. त्याचं रडणं एकदम थांबलं.

"बघा, थांबले," काका खूश होऊन पुटपुटले.

हेडबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बोला ताई, आम्ही आहोत. कसे गेले तुमचे मिस्टर?"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. त्या नजरांमध्ये नुसती माया होती.

"झोपेतच," आपल्याला टाकून दुसरा संसार थाटलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली. "त्यांना काही कळलंच नाही."