केंद्र कार्यरत आहे

दशक्रियेच्या दिवशी कोठीतला सगळा माल नदीत सोडायचा, हे गेणभाऊंनी बसल्या जागी ठरवून टाकलं.

“मयताची वस्तू घरात ठिवू नाय,” ते म्हणाले. “गादी सोडायची, कापडं सोडायची. त्यातच हेबी.”

“काका, विषारी औषधं आहेत त्यात. खालच्या अंगाला गावाची विहीर आहे.”

“नदी समदं पोटात घेती, पोरी.”

“नदी घेते. पण पाणी आपण पितो.”

गेणभाऊंनी वैजयंतीकडं दयेनं पाहिलं. जास्त शिकलेल्या पुतणीकडं पाहावं तसं.

तात्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी तिनं परसातला वडिलांच्या मेंढ्यांचा रिकामा गोठा उघडला होता आणि तिथली धान्याची जुनी पत्र्याची कोठी पाहून तिला धक्का बसला होता. आत डबेच डबे. प्रत्येकावर तात्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. ‘सेल’, ‘फुटक्या ट्यूबा, हात लावू नये’, ‘उंदराचं औषध’, ‘द्राक्षावरची फवारणी, रिकाम्या बाटल्या’. तात्यांनी आयुष्यात द्राक्षाचा एक वेल लावला नव्हता. तळाशी एक बरणी होती. ‘इन्सुलिनच्या सुया.’ गळ्यापर्यंत भरलेली.

घरात लहान पोरं वावरत होती म्हणून तिनं गोठ्याला कुलूप लावलं. बरणी मात्र डोळ्यांपुढून हलेना. तात्यांना साखर होती? किती वर्षं? दर रविवारी ती नाशिकहून फोन करायची. “मला काय धाड भरलीय?” तात्या विचारायचे आणि ती विश्वास ठेवायची.

दुखवट्याच्या घरी माणसं चहा-साखरेची पिशवी घेऊन येतात, तशी इथंही येत होती. पण लोक बसत, दोन शब्द बोलत, परसातून एक फेरी मारून येत आणि पिशवी तशीच परत घेऊन जात. शेजारची ठमाबाई तर तीनदा आली, तीनदा पिशवी काखेत धरून माघारी गेली. माणसं गेली की साखरसुद्धा महाग होते, वैजयंतीनं मनाशी म्हटलं आणि विषय सोडून दिला.

कोठीचं काहीतरी करायला हवं होतं. तिनं घंटागाडी थांबवली. परवेजनं खाली वाकून विचारलं, “ओला का सुका?”

“घातक.”

“गाडीला दोनच खण हायेत, ताई.” घंटा वाजवत तो पुढं गेला.

शेतीच्या औषधांच्या दुकानदारानं विकलेला माल परत घेत नसल्याचं सांगितलं. बाटल्या रिकाम्या आहेत, असं ती म्हणाल्यावर तो म्हणाला, “मग तर मुळीच न्हाई.”

नवव्या दिवशी मृत्यूचा दाखला घ्यायला ती ग्रामपंचायतीत गेली. भाऊसाहेबांच्या, म्हणजे ग्रामसेवकांच्या, डोक्यावर ‘स्वच्छ गाव, प्रथम क्रमांक’ अशी तसबीर होती. तिला ताजा हार होता.

“भाऊसाहेब, घातक कचरा गावात कुठं द्यायचा?”

“केंद्र हाये की!” भाऊसाहेब खुलले. “चार वर्षं झाली. त्याच्यावरच तर नंबर आला आपला.”

“कुठं आहे?”

त्यांनी फाइल काढून तिच्यापुढं फिरवली. ‘घरगुती घातक कचरा संकलन केंद्र. स्थिती: कार्यरत.’ खाली पत्ता होता. तिनं तो दोनदा वाचला. घर क्रमांक तात्यांच्याच घराचा होता. ‘केंद्रचालक: यमाजी.’ तात्यांचं कागदोपत्री नाव.

“वढ्याचं पाणी पिऊन तात्याच्या मेंढ्या गेल्या, तवापास्नं त्यांनी हे काढलं,” भाऊसाहेब म्हणाले. “घरोघर सांगून आले, वढ्यात काय टाकू नका, माझ्याकडं आणून द्या. आमी फकस्त नोंद घेतली.”

“आणि तिथून पुढं कुठं जातं?”

“पुढं?” भाऊसाहेबांना प्रश्न नीट कळला नाही. “पुढं कशाला जाईल? कार्यरत हाये की.”

“गेणभाऊ उद्या ते सगळं नदीत सोडणार आहेत.”

भाऊसाहेब खुर्चीतून उठलेच. विहिरीचं, माशांचं, पोराबाळांचं ऐकून जे कुणाला झालं नव्हतं, ते त्यांना तसबिरीकडं पाहून झालं. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. “गेणभाऊ, कोठीला हात लावायचा न्हाई. सरकारी केंद्र हाये त्ये. बक्षीस परत जाईल, राव!” पलीकडं गेणभाऊंनी ‘सरकारी’ हा शब्द ऐकला आणि नदीचं पोट त्यांना एकदम लहान वाटू लागलं.

भाऊसाहेबांनी दाखल्यावर शिक्का मारला आणि एक छापील अर्ज पुढं केला. “घराला वारस लावायचाच हाये. त्यातच केंद्रालाबी तुमचं नाव लावू?”

तिनं अर्ज हातात घेतला. सही केली. सहीच्या खाली एक ओळ लिहिली: ‘माल पुढे नेणारी गाडी कोणत्या तारखेला येणार, ते लेखी कळवावे.’ भाऊसाहेबांनी ती ओळ वाचली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर दुखवटा दिसला.

घरी येऊन तिनं गोठ्याचं कुलूप काढलं, दार सताड उघडं टाकलं. चार पावलं मागं फिरली नाही तोच ठमाबाई परसात हजर. काखेत तीच पिशवी.

“चहा-साखर का, मावशी?”

“कशाची साखर, बाई? ती तर माझ्या अंगात हाये,” ठमाबाई म्हणाली. “सुया हायेत माझ्या. तुझा बाप गेल्यापास्नं उशाखाली घेऊन निजतीय.”

वैजयंतीनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली, आणि नऊ दिवसांनी तिला मोठ्यानं रडू आलं.