छबूबाईची वजरी

दगड बुडेना.

गहिनीनाथने तो स्वतःच्या हाताने सीना नदीच्या डोहात सोडला होता. एक गटांगळी खाऊन दगड वर आला आणि मजेत पाण्यावर डुलू लागला. काठावरची माणसं पुढे सरकून बघू लागली.

छबूबाईचा दहावा होता. सरणापाशी घडा फोडलेला दगड म्हणजे जीवखडा. दहा दिवस तेच गेलेलं माणूस. तो पाण्यात सोडला की संपलं. कावळा तर मघाशी एका हाकेत शिवला होता. मग हे काय अक्रीत?

"दाजी," छबूबाईचा भाऊ भिमाजी म्हणाला, "आक्काचा जीव कशात तरी अडकलाय. काय राहिलंय तिचं? बोला की!"

बोलण्यात गहिनीनाथ पहिल्यापासून चिक्कू. छबूबाई भिंगारला पलटणीतल्या साहेबांकडे भांडी घासायची. संध्याकाळी घरी आली की न्हाणीच्या दगडावर बसून वजरीने भेगाळलेल्या टाचा घासायची आणि दिवसभराचं सांगत राहायची. हा विडी ओढत नुसता "हूं" म्हणायचा. पोरबाळ नव्हतं. घरात दोघंच. तेवढ्या "हूं"वर तिचं भागायचं.

एकदा साहेबाच्या बाईंनी तिला नवी वजरी दिली. "अवो, आगीच्या डोंगराचा फेस हाय म्हनं ह्यो! थिजून दगड झालाय." ती पुढेही काही सांगत होती. गहिनीनाथ "हूं" म्हणाला. पुढचं त्याने ऐकलंच नाही.

आता त्याने धोतराच्या कनवटीची गाठ सोडली. आत खरा जीवखडा होता.

"तिचा न्हाई रं भिमाजी, माझा अडकलाय," तो म्हणाला. "ह्यो खडा सोडवंना मला. म्हनून सकाळी फडक्यात त्याच्या जागी तिची वजरी बांधली. दगड दगडच, कुनाला कळतंय, असं वाटलं."

भिमाजीने हात धरून दाजींना पाण्यापर्यंत नेलं. जीवखडा डुबकन बुडाला. गहिनीनाथला तेव्हा कुठे रडू फुटलं.

संध्याकाळी पाहुणे आपापल्या गावी गेले. गहिनीनाथने बादलीत पाणी ओतलं आणि डोहातून आणलेली वजरी त्यात सोडली. ती वर आली. त्या दिवशी छबूबाई पुढे काय सांगत होती, ते त्याला आत्ता कळलं.

"छबू, खरंच तरंगतीय गं," तो म्हणाला.

आणि थांबला. नुसतं "हूं" म्हणायलाही घरात कोणी नव्हतं.