ताजी ओल

भाड्याचं घर विकायला निघालं, तशी निवृत्त प्लंबर काकांची झोप उडाली. नवा मालक आपल्याला बाहेर काढणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून घर बघायला बाई येणार त्या सकाळी त्यांनी न्हाणीघराची भिंत भिजवली आणि सिंकखालचा जोड हलकेच सैल करून ठेवला.

बाईंचा धंदाच घरं घेऊन भाड्यानं द्यायचा. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, मग वाकून सिंकखाली पाहिलं.

"फार गळतं हो," काका तोंड पाडून म्हणाले. "वीस वर्षं सोसतोय."

काकूंना हसू आवरेना, त्या खिडकीकडे वळल्या.

बाईंनी हातानंच जोड आवळला. ठिबकणं थांबलं.

"काका, लोक ओल लपवतात. मुद्दाम करून दाखवणारे तुम्ही पहिलेच. वीस वर्षांत इथे बुरशीचा ठिपका नाही, रंगाचा पोपडा नाही. कुणी राखलं हे घर?"

"मीच," काका मान खाली घालून पुटपुटले.

"मग घेते मी हे घर. पण एका अटीवर. तुम्ही ते सोडायचं नाही."