निवृत्तीनंतरची खोली

निवृत्तीनंतर चोवीस तास बायकोची टकळी ऐकायची, या धास्तीनं हेडक्लार्कसाहेबांनी या कानाचं त्या कानाला कळू न देता पंधरा वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकले आणि मागच्या गल्लीत एक खोली घेतली. घरी थाप मारली, "अगं, अर्धवेळ नोकरी लागलीय मला."

"बरं झालं," बायको म्हणाली, "घरात बसून माणूस गंजतो."

पहिल्याच दिवशी साहेब नवी आरामखुर्ची फरफटवत, शीळ घालत तिसऱ्या मजल्यावर पोचले. तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार उघडलं.



"अहो, जरा हळू," दारातून त्यांचीच बायको म्हणाली. "तुम्ही निवृत्त होणार म्हणून दहा वर्षं पैसे साठवून घेतलीय मी ही खोली, शांततेसाठी."