शुक्रवारची सभा

तिरुभुवनमचे विणकर आपापल्या घरी विणत. फोन कुणाकडेच नव्हता. म्हणून त्यांचा उत्साह टिकवायला कुंभकोणमचे साडीव्यापारी वासुदेवराव दर शुक्रवारी सगळ्यांना दुकानावर बोलावून दिवसभर सभा घेऊ लागले. साड्या वाढल्या. मग त्यांनी मंगळवारही धरला. साड्या आणखी वाढल्या. सगळ्यांत पुढे असलेल्या सेतूला त्यांनी स्वतःच्या हाताने शाल पांघरली.

एका शुक्रवारी सभा गुमास्त्यावर सोपवून वासुदेवराव तिरुभुवनमला गेले. गावात विणकर एकही नव्हता, पण घराघरांतून माग झपाझप खटखटत होते. सेतूच्या मागावर त्याची बायको अलमेलु बसली होती, बक्षिसाच्या शालीची घडी बुडाखाली घेऊन. ती गडबडीने उठली.

"सार, ते घरी असले की मागावर तेच बसतात. सभा रोज ठेवाल का?"