बाईच्या मनासारखं

गोजामच्या डोंगरातल्या प्रसूतिगृहात आता बाळंतपणं बाईच्या मनासारखी कशी होतात, हे बघायला शहरातून पाहुणे आले होते. बाळंतिणीसाठी शिजवलेली, लोणी घातलेली जवाची लापशी मिटक्या मारत खात ते खोलीच्या दारातच उभे होते. आत वुबित कळा देत होती.

"सांग गं राणी, काय हवंय तुला?" सिस्टर झेवदीनं मधाळ आवाजात विचारलं. सकाळी हीच 'तोंड मीट' म्हणून खेकसली होती.

"या मेल्यांना बाहेर काढा आणि दार लावा!" वुबित दातओठ खात ओरडली.

"बघितलंत? आमच्या बायका आता कशा बेधडक बोलतात!" सिस्टर पाहुण्यांकडे वळून म्हणाली.

पाहुण्यांनी वाडगे खाली ठेवून कडाकडा टाळ्या वाजवल्या आणि पुढचं नीट ऐकू यावं म्हणून सगळे दोन पावलं आत सरकले.